मयतीची रजा

आमच्या डोंबिवली एमआयडीसीतल्या मसाला पॅकिंगच्या कंपनीत पगारी रजा फक्त मेलेल्या माणसाच्या नावावर मिळते. कागदावर तसं नाही. कागदावर वर्षभर काम केलं की रजा जमा होते म्हणे. पण कॅबिनमध्ये जाऊन लग्न सांगा, गणपती सांगा, पोराचा ताप सांगा, मॅनेजर हर्षित सर एकच म्हणणार, "बिनपगारी टाकतो." मयत सांगितली की मात्र खुर्चीतून उठतो, पाणी देतो आणि पगारी लिहितो. मनाने वाईट नाही हो तो, डोक्याने आहे.

मग आम्ही काय करणार, माणसं मारतो. त्यातही आमची रीत आहे. जो आधीच गेलाय त्यालाच मारायचं, जिवंत माणसाला हात लावायचा नाही. धाकूचा बाप दोनदा गेला, एकदा खरा आणि एकदा शिमग्याला, कारण धाकूला गावची पालखी नाचवायला जायचं होतं. मी माझ्या सासूला गणपतीत परत घालवली. हयातीत तिने मला एक दिवस सुट्टी दिली नव्हती, त्यामुळे मला काडीचं वाईट वाटलं नाही.

संचिता माझ्या शेजारच्या टेबलावर पाकिटं सील करते. आंबिवलीहून येते, माहेर संगमेश्वरकडचं. नवऱ्याचं काम सुटलेलं, घर हिच्या पगारावर. एका सोमवारी सकाळी तिच्या भावाचा फोन आला. आईच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलंय, डॉक्टरने घरी न्या म्हणून सांगितलंय, तुझं नाव घेते, लवकर ये. संचिता तशीच कॅबिनमध्ये गेली आणि तशीच परत आली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, आहेत ना अजून? मग एवढी ऑर्डर बाहेर पडू दे. काही झालं तर लगेच फोन करा, पगारी टाकतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मग मार कोणाला तरी. बाप गेलेला आहे ना तुझा?"

"त्यांना मागच्या वर्षी मारलं, मावशी. आजीला पण. आता कोण नाय उरलं."

खोके उचलणारा धाकू ऐकत होता. तो म्हणाला, "मग आईचंच सांग ना. दोन दिवस इकडे काय नि तिकडे काय."

वाईट मनाने नाही बोलला तो, सोय बघत होता. जेवणाच्या सुट्टीत संचिताने डबा उघडला आणि परत लावून ठेवला.

"एवढं एकच वाक्य बोलायचंय, ना मावशी?"

"बोल आणि सूट," मी म्हटलं. "काय जातंय?"

ती आत गेली. मी मनात धरून चालले की सांगितलं हिने. बाहेर आली, टोपी काढली, एप्रन काढला, पिशवी उचलली.

"दिली?"

"बिनपगारी. वर नोटीस काढणार म्हणाला. मी सांगितलं, आई जिवंत आहे, म्हणूनच चाललेय."

"अगं बये, बोलायचंस ना."

"तोंडातून नाय आलं," असं म्हणून ती कल्याणच्या एसटी स्टँडला गेली.

आईने आठवडाभर तग धरला. गेली त्या दिवशी हर्षित सरांनी स्वतः संचिताला फोन केला. म्हणाले, "ताई, आजपासून पगारी." म्हणजे सुतकाचे दिवस पगारी, आणि जित्या आईच्या उशाशी बसली ते दिवस कापलेले. तेरावं करून संचिता कामावर आली, पगार बघितला. सुट्टीच्या दिवशी कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि ठाण्याच्या कामगार कार्यालयात देऊन आली. ही गरीब गाय तिथवर जाईल असं मला वाटलं नव्हतं. तारीख पडली तेव्हा मी सोबत गेलेली. कोणीतरी जायला हवं होतं, आणि रागही आलेला.

तिथल्या साहेबांनी हर्षित सरांना आधी विचारलं, "यांची रजा जमा होती का?"

"होती, सर."

"मग कापली का?"

"सर, आमच्याकडे मयतीलाच पगारी द्यायची पद्धत आहे."

"रजा कमावलेली आहे ना? तिला मयत कशाला लागते?"

हर्षित सर घामाघूम झाले. मग संचिताकडे वळून अगदी सख्ख्या भावासारखे बोलायला लागले. "ताई, कशाला वाढवायचं? मयतीची तारीख आपण तुम्ही निघालात त्या दिवसाची धरू. सगळेच दिवस पगारी होतील. दाखला पण मागणार नाही मी. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी तिला कोपराने ढोसलं. हो म्हण आणि मोकळी हो, म्हटलं मनात. तिच्या घरात काय चाललंय ते मला माहीत होतं.

संचिताने सरळ हर्षित सरांकडे बघितलं.

"त्या दिवशी मी घरी पोचले ना, सर, तेव्हा आई जागी होती. तोंड वाकडं झालेलं, शब्द नीट फुटत नव्हता. तरी मला विचारलं, जेवलीस का." तिने पदराने नाक पुसलं. "तो दिवस मी नाही देणार."

साहेबांनी लिहायला कागद पुढे ओढला. मी कोपर आवरून घेतलं.