हळू फिरणारा दगड

“बाह्या दोन इंच कमी कर. सोमवारी लागेल,” असं म्हणून ह्यांनी एक निळा शर्ट माझ्या शिलाई मशीनवर टाकला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

शर्टाच्या खिशावर फर्निचरच्या शोरूमचं नाव भरलेलं होतं. घाईत भरलेलं, मागून दोरे लोंबत होते. मला कपड्यात आधी तेच दिसतं, त्याला माझा इलाज नाही.

“म्हणजे तुम्ही हो म्हणालात त्यांना?”

“म्हणालो.”

“आणि दवाखान्याच्या जिन्याचा कठडा?”

“करेल दुसरा कोणी. गावात सुतार काय कमी आहेत?”

सदतीस वर्षं मी ह्या माणसाबरोबर काढली आहेत. दुसऱ्या सुताराने केलेल्या खुर्चीवर बसायच्या आधी हे ती उलटी करून तिचे सांधे बघतात. पाहुणे म्हणून गेलो असलो तरी बघतात, आणि मी यजमानीणबाईंकडे बघून कसनुसं हसते. अशा माणसाने ‘करेल दुसरा कोणी’ म्हणावं, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

गेल्या वर्षी हे शिडीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवावी लागली. हात जुळला. करवत चालते, हातोडा चालतो, रंधाही चालतो. एकच गोष्ट गेली ती म्हणजे धार लावणं. पटाशीचं, लाकूड तासायच्या चपट्या छिन्नीचं, तोंड दगडावर घासायचं म्हणजे मनगट एकाच कोनात आवळून धरायचं आणि दाबत राहायचं. पाच मिनिटांत हात सुजायचा. बाहेर लावायला देऊन पाहिली, तर त्या गृहस्थाने कांदा कापायच्या सुरीला लावतात तशी लावून दिली. ती पटाशी हे इतक्या वेळा उलटसुलट करून बघत राहिले की मलाच त्या धारवाल्याचा राग आला. आणि बोथट हत्याराने काम करणार नाही, हा ह्यांचा जन्माचा हट्ट.

शोरूममधलं काम वाईट नव्हतं. तयार फळ्या लोकांच्या घरी नेऊन स्क्रूने जोडायच्या, महिन्याच्या महिन्याला पगार. पण ह्यांना लाकडाचा वास आल्याशिवाय भूक लागत नाही. सहा महिने नुसते स्क्रू पिळले तर माझ्या घरात कोणी तिसराच माणूस वावरायला लागेल, ह्या विचाराने माझी शिवण वाकडी जायची.

धारेच्या अडचणीतून वाट निघेल म्हणून आठ दिवसांपूर्वी, मला न विचारता, हे बाजारातला सगळ्यात स्वस्त ग्राइंडर घेऊन आले होते. मधे मोटर, दोन्ही बाजूंना दगडाची दोन चाकं. चाक फिरतं, हत्यार चाकापुढच्या आधाराच्या पट्टीवर टेकवून नुसतं पुढे करायचं, मनगटाला जोर नाही. खोक्यावर चष्मा लावलेला एक माणूस दात काढून हसत होता.

चालू केल्याबरोबर ह्यांचं कामाचं बाक असं थरथरलं की खिळ्यांचा डबा आपोआप चालत कडेला गेला आणि खाली पडला. हे म्हणाले, “नवीन आहे, बसेल.” मग माझ्या सासऱ्यांची एक इंची पटाशी चाकाला लावली. ठिणग्या उडाल्या. मिनिटभरच. पटाशी बाजूला घेतली तर तिचं टोक निळंजांभळं पडलेलं.

“पाणी उतरलं,” हे म्हणाले.

पोलाद तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा जातो. तेवढा भाग मग मेल्यातच जमा, कितीही घासा, धार टिकत नाही. बापाचं हत्यार, स्वतःच्या हाताने जाळलेलं. ह्यांनी सगळी हत्यारं पोत्यात बांधली, पोतं माळ्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ शोरूम गाठली.

आता शनिवार होता. मी निळा शर्ट उचलला, त्यात तो ग्राइंडर गुंडाळला आणि बाह्यांची गाठ मारली.

“अगं, शर्ट!”

“निघेल धुऊन. चला, हा परत करून येऊ.”

“वापरलेला माल कोण परत घेतं?”

“ते मी बघते. तुम्ही फक्त उचलायला चला.”

तेलाचे डाग धुऊन निघत नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

दुकानदार गल्ल्यामागे चहा पीत बसला होता. गोल चेहऱ्याचा, बोलायला गोड माणूस. मी गाठ सोडायच्या आतच त्याने मान हलवली.

“एकदा वापरला की परत नाही, ताई.”

“वापरला कुठे? हा नुसता नाचला. तुम्हीच बघा.”

मी तिथल्याच बोर्डात पिन घातली आणि बटण दाबलं. गल्ल्यावरची पेनं घरंगळली, बशीतला कप टणटण वाजायला लागला आणि अर्धा चहा बिलबुकावर सांडला. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. दुकानदाराने घाईघाईने बटण बंद केलं.

“बदलून देतो,” तो म्हणाला. “पैसे नाही, माल.”

“मी पैसे मागितलेच नाहीत.”

हे दारातच उभे होते, रस्त्यावरच्या गाड्या मोजत असल्यासारखे. माझ्याशी जणू ओळखच नाही.

दुकानदाराने आधी एक थोरला ग्राइंडर काढला. त्याची किंमत ऐकून मी तो हात न लावताच परत ठेवायला सांगितला. मग दुसरा आला, लाल रंगाचा, वर दिवा, पुढे भिंग.

“हा बघा! मिनिटाला तीन हजार फेरे. हत्यार लावलं की काम खल्लास!”

“हत्याराचं की कामाचं?” मी म्हटलं. तो हसला, पण माझं लक्ष त्याच्या बोलण्यातल्या एकाच शब्दावर अडलं होतं. तीन हजार.

मी तीस वर्षं मोटरच्या मशीनवर शिवते. नायलॉनचं कापड असलं आणि मशीन जोरात हाणली, की सुई तापते आणि दोरा वितळून तुटतो. नव्या मुली सुया बदलत बसतात. मी पायाचा जोर कमी करते, की दोरा तुटायचा थांबतो. पटाशीचं निळं टोक माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आठ दिवस मी दगडाला आणि नशिबाला बोल लावत होते!

“सावकाश फिरणारा नाही का?”

“सावकाश?” दुकानदाराने मागच्या गिऱ्हाइकांकडे बघून डोळे मिचकावले. “लोक जास्त जोराचा मागतात, ताई. एक आहे तसा. निम्म्या वेगाचा. दोन वर्षं पडलाय. सगळे चालू करून बघतात आणि म्हणतात, ह्यात दम नाही.”

“दाखवा.”

अगदी खालच्या फळीवरून त्याने तो ओढून काढला. धूळ बसलेला, मळकट हिरवा, आणि चांगलाच जड. पडून राहिल्यामुळे त्याचा भावही उतरला होता. परत केलेल्याच्या वर थोडेसे घातले की झालं, एवढाच. दारातल्या गाड्या मोजणं थांबलं, हे मी न बघताच ओळखलं.

दुकानदाराने पिन घातली आणि बटणाकडे हात नेला.

“थांबा!”

हे आत आले होते. “दोन वर्षं पडलेला दगड न तपासता फिरवता? फुटला म्हणजे? पाना द्या.”

ह्यांनी डाव्या हाताने पाना लावला, मी यंत्र घट्ट धरलं, आणि दोन्ही चाकं काढली. एक चाक बोटावर अडकवून ह्यांनी त्याला स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळूच टकटक केलं. टण्ण आवाज आला. दुसऱ्याला केलं. भद्द.

“हे तडकलंय. आतून.”

दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा गोडवा उडाला. “म्हणजे आत्ता मी चालू केला असता तर...”

“तुमच्या तोंडावरच फुटलं असतं,” हे म्हणाले. “पांढरा दगड आहे का? मऊ जातीचा?”

“आहे. तोही पडूनच आहे.”

“आणा. तुमच्याकडे चांगलं तेवढं सगळं पडूनच दिसतंय.”

वर्षभरात ह्यांनी केलेला हा पहिला विनोद. फार मोठा नव्हता, पण मी तिथेच रडेन की काय, असं मला झालं.

पांढरा दगड वाजवून पाहिला, तडकलेल्याच्या जागी बसवला, आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगून ह्यांनी बटण दाबलं. चाक सुरळीत फिरतंय म्हटल्यावर मी मोटरवर तळवा ठेवला. एखादं झोपलेलं मांजर घुरघुरावं तेवढंच काय ते जाणवत होतं. दुकानदाराचा उरलेला चहा कपात स्वस्थ होता. मग बटण बंद केलं, तरी चाक फिरतच राहिलं, कुठेही न अडखळता. मी मनात साठपर्यंत मोजलं.

“मोटर चांगली आहे,” मी म्हणाले.

“दगड चांगला आहे,” हे म्हणाले. आमचं एका वस्तूवर एकमत व्हायला सदतीस वर्षं लागली.

घरी आल्यावर ह्यांनी हातपायसुद्धा धुतले नाहीत. ग्राइंडर बाकाला पक्का बसवला, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं आणि मला म्हणाले, “पोतं काढ.” मी स्टुलावर चढले. सासऱ्यांची पटाशी आधी निघाली. हे चाकाला ती नुसती टेकवायचे, दोनदा फिरवायचे, पाण्यात बुडवायचे. परत टेकवायचे, परत बुडवायचे. मनगट चाकापुढच्या पट्टीवर निवांत पडलेलं. जळलेला भाग हळूहळू मागे सरत गेला आणि पाऊण तासाने संपला. आतून स्वच्छ, पांढरं पोलाद निघालं. शेवटचे चार हात ह्यांनी जुन्या सपाट दगडावर स्वतः घासले. तेवढे मनगटाने आनंदाने सोसले.

मग एक सागाचा तुकडा घेतला आणि त्याच्या कडेवरून पटाशी चालवली. पातळ, अखंड साल निघाली आणि वळत वळत माझ्या शिवणावर येऊन पडली. ह्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, “खायला काही आहे का गं?”

रविवारी सकाळी शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. उद्या किती वाजता येताय, म्हणून.

“येत नाही, साहेब,” हे म्हणाले. “दवाखान्याचा कठडा करायचाय.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. बहुधा पगाराचं.

“ते खरंय. पण माझ्याकडे काम आहे,” हे म्हणाले, आणि ‘माझ्याकडे’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मी मशीन थांबवली.

मग दिवसभर एकेक हत्यार चाकावर गेलं. धार लागली की नाही, हे सुतार हातावरचे केस काढून बघतात. साबण नाही, पाणी नाही, नुसतं पातं फिरवायचं. केस आपोआप सुटले पाहिजेत. हे एकेक हत्यार डाव्या हातावर फिरवत होते आणि फुंकर मारत होते. संध्याकाळपर्यंत तो हात मनगटापासून कोपरापर्यंत तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत झाला आणि अजून तीन पटाश्या उरल्या होत्या.

“आता कशावर बघणार?” मी चिडवलं. “माझ्याकडे बघू नका.”

ह्यांची नजर उजव्या बाहीकडे गेली. अपघातापासून, भर उन्हाळ्यातसुद्धा, उजव्या हाताची बाही ह्यांनी माझ्यासमोरही वर केली नव्हती. टाके मी दवाखान्यात पाहिले होते, तेवढेच.

ह्यांनी पटाशी डाव्या हातात घेतली, उजव्या बाहीचं बटण दातांनी सोडवलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. टाक्यांची लांब रेघ बल्बच्या उजेडात चमकली. पातं तिच्या कडेकडेने, न थरथरता वर गेलं.

“लागली,” हे म्हणाले, आणि पुढची पटाशी उचलली.