टेपचं टोक

मोजणीदारांचं आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. डॉक्टरने बाजूचा मोकळा प्लॉट घेतला तेव्हाच मोजणीदार बायकोला म्हणाले होते, "हा गावाचे दात काढतो आणि आपल्यावर दात धरणार, बघ."

झालंही तसंच. कंपाउंड घालायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाला, "तुमचं स्वयंपाकघर एक फूट माझ्या जागेत आहे. तेवढं पाडा."

मोजणीदारांच्या अंगाचा तिळपापड झाला. सबंध नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली. तीस वर्षांपूर्वी या माळावर पहिलं घर त्यांनी बांधलं, तेही स्वतः आखून. रविवारी सकाळी ते पोलादी टेप घेऊन अंगणात उतरले. आजूबाजूच्या बंगल्यांतली माणसं चहाचे कप घेऊन फाटकांशी जमली. मदतीला कुणी आलं नाही. मोजणीदारांनी प्रत्येकाशी कधी ना कधी हद्दीवरून भांडण उकरून काढलेलं होतंच.

"सगळ्यांसमोर मोजा," डॉक्टर म्हणाला. "कागदावर तुमची जागा चाळीस फूट रुंद. तुमचा आकडा मला मान्य."

बायकोने पश्चिमेच्या हद्दीच्या दगडाला टेप लावली. मोजणीदार टेप ताणत स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत गेले. टेपवर एक्केचाळीस फूट होते. कचेरीत टेपचं टोक झिजलेलं असायचं, म्हणून हाताखालचा माणूस टेप एक फुटाच्या खुणेवर धरायचा आणि मोजणीदार आलेल्या आकड्यातून एक वजा करायचे. ती सवय हाडात मुरली होती.

"चाळीस!" मोजणीदार गरजले. "बरोब्बर चाळीस! आता बोला!"

डॉक्टरचा चेहरा उतरला. मोजणीदार छाती काढून वळले आणि त्यांना बायको दिसली. तिने टेपचं अगदी टोक दगडाला लावलं होतं. एकची खूण तिच्या बोटांच्या पुढे मोकळी होती.

म्हणजे वजा करायचं काही नव्हतंच. घर आखतानाही टेपचं टोक हिच्याच हातात होतं, आणि एक तेव्हाही वजा केला होता.

इथे ते गप्प बसते तर सगळं निभावलं असतं. पण रागापुढे त्यांना कधी काही दिसलं नव्हतं. ते तरातरा तिच्याकडे गेले.

"टोकाला धरलंस? तेव्हाही टोकालाच धरलं होतंस?"

"तुम्ही म्हणालात टोक धर. मी टोक धरलं."

"अगं, एकवर धरायचं असतं! एवढीही अक्कल नाही? तुझ्यापायी माझी भिंत दुसऱ्याच्या जागेत गेली!"

बोलून गेल्यावर त्यांचं लक्ष फाटकांशी जमलेल्या माणसांकडे गेलं. मग ते दात खाऊन पुटपुटले, "आता तोंड उघडू नकोस. टेपवर एक्केचाळीस आलेत, पण चाळीसच सांगायचं."

डॉक्टर जवळ आला. "काकू, टेपवर किती आलेत?"

त्या स्वयंपाकघरात तिची तीस वर्षं गेली होती. ओटा तिच्या उंचीचा होता, खिडकी तिने भांडून मागून घेतली होती. तिने एकदा त्या खिडकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "पाडा खुशाल. आणि चूक कुणाची, तेही सगळ्यांनी नीट ऐकून घ्या."