जसोंडीचा ढीग

आमचे जंतू थंडीने मेले. बऱ्हाणपुरात राहून थंडीने मरायचं म्हणजे कमालच, पण ते होतेच तसे. सत्तर अंशांच्या खाली त्यांना करमायचं नाही. केळीच्या खोडाचा चोथा दिला की त्यांनी सोडलेलं विकर त्याची बघता बघता साखर करून टाकायचं. घड कापल्यावर शिवारभर खोडं कुजत पडतात, त्यांचं यातून काहीतरी होईल, या आशेवर मी कॉलेजातली माझी सगळी उमेद लावली होती.

गणपतीच्या सुट्टीत लाइट गेली आणि इन्क्युबेटर बंद पडला. प्रयोगशाळेतल्या रमेशने मोठ्या काळजीने सगळ्या बाटल्या इन्व्हर्टरवरच्या फ्रीजमध्ये हलवल्या. "खराब होऊन गेलं असतं ना मॅडम," तो म्हणाला. दुधाचं करतात तेच त्याने केलं. राखून ठेवलेल्या नळ्या काढून पाहिल्या, तर त्यांतही काही वाढेना.

उरला तो ढीग. जसोंडीला दगाभाऊंच्या मळ्यात आजोबांच्या वेळेपासून एकाच कोपऱ्यात खोडं टाकत आलेले. वरून साधा उकिरडा, पण आत धगधगता. पार खकनारपर्यंत मी उकिरडे उपसले, पण हे जंतू फक्त तिथे सापडले होते. ढीग आहे तोवर सगळं पुन्हा सुरू करता येईल, असं मी स्वतःला बजावत होते. मी दगाभाऊंना फोन केला, "भाऊ, परवा मळ्यात येते." न सांगता कुणाच्या दारी जाऊ नये म्हणतात. जळो ती रीत!

गेले तर बांधाजवळ रांगोळी. कोपऱ्यात ताजा मुरूम टाकून, दाबून, वर खुर्ची मांडलेली.

"इथला ढीग?" मी विचारलं.

"साफ करून टाकला ना," दगाभाऊंचा चंदन खुशीत म्हणाला. "काल जेसीबी बोलावली, सीधा नाल्यात. नाल्याला पूर आहे, सगळं तापीत बहून गेलं. आता कितना मस्त दिसते, बघा!"

मी खाली बसून मुरूम उकरला. खालची मातीही खरवडून नेलेली. हाताला लागला तो ओला, गार दगड. आता कुठे शोधायचं? कुठेच नाही. माझं संपलं होतं.

दगाभाऊंच्या पत्नी मालूबाई चहा घेऊन धावत आल्या. "अहो मॅडम, हात कशाला खराब करता? मागच्या टायमाला त्या ढिगात हात घातला तर पोळून आले व्हते तुमचे. मी तवाच आमच्या यायले म्हटलं, मॅडम पुन्हा येतीन तर हे नको इथं."

मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी चहा खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"असं काय करता," त्या म्हणाल्या. "आपल्या मानसासाठी एवढं तर कोनीबी करते."