तुंबलेल्या बॉयलरचं म्हणणं

मी बॉयलर, घर आणि आंघोळीचं पाणी तापवणारा. इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या दगडी घरांच्या रांगेत सतरा नंबरला, स्वयंपाकघरातल्या कपाटात लटकलोय. डावीकडे चहाचे कप, उजवीकडे इस्त्रीची फळी, मधे मी. एकोणीस वर्षं झाली. बॉयलरची एकोणीस म्हणजे माणसाची पंच्याऐंशी, तेव्हा हे म्हाताऱ्याचं बोलणं आहे असं समजा आणि मधे तोंड घालू नका.

जन्माचं कौतुक सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात माझ्यासारखे रोज शेकड्यांनी निघायचे. एका बाईनं माझ्या पोटात हात घालून चाचपलं, पाठीवर शिक्का मारला, खोक्यात कोंबलं. संपलं बालपण.

मला टांगायला जो माणूस आला तो जाडा, शिट्टी वाजवणारा आणि महाआळशी. आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे झालं. माझ्या पोटात गॅस जळतो, त्याच्या धुरातली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं. ते दिवसभर थेंब थेंब बाहेर सोडावं लागतं. सरळ सांगायचं तर मला लघवी होते. त्यात लाजायचं काय? शहाण्या माणसानं ती नळी घरातल्या घरात सिंकच्या पाइपाला जोडली असती. पण त्यासाठी ओट्याखाली आडवं पडावं लागलं असतं आणि ह्याचं पोट त्याला आडवं पडू देईना. त्यानं भिंतीला भोक पाडलं, अंगठ्याएवढी बारीक प्लॅस्टिकची नळी उत्तरेच्या भिंतीवरून उघड्यावर सोडली आणि आठवा कप चहा मागितला.

मालक होता अर्नेस्ट सग्डन. भिंतीवरची तापमानाची चकती सोळावर ठेवायची, हा त्याचा धर्म. बायको विनिफ्रेड म्हणायची, "अहो, थंडी वाजतेय." हा म्हणायचा, "स्वेटर घाल." "घातलाय." "मग दुसरा घाल." तो मागच्या परसात कबुतरांकडे गेला की ही चकती एकवीसवर करायची, फाटकाची कडी वाजली की परत सोळा. मी आपला वर-खाली, वर-खाली. तो आत आला की माझं गरम पाणी फिरतं त्या भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावायचा, तो चांगला चटका देणारा असायचा, आणि हा गुपचूप पेपर उघडून बसायचा.

सहा वर्षांपूर्वी तो गेला. त्या दिवसापासून म्हातारीनं ती चकती सोळावरून हलवलेली नाही. आता अडवायला कोणी नाही तर हिनं खुशाल पंचवीस करावं की नाही? बायकांचं मला काही कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी दोनदा बंद पडलो. एकदा ठिणगीची कांडी गेली, एकदा पंखा. वयानुसार होतं. पण लीड्सहून हिची लेक गिलियन आली आणि माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "आई, हे डबडं आणखी एकदा बंद पडलं ना, की मी तुला इथे ठेवणार नाही. लीड्सच्या वृद्धाश्रमातली खोली बघून ठेवलीय मी. खाली बागसुद्धा आहे."

"मला बाग नकोय," म्हातारी म्हणाली. "मला माझा जिना हवाय. ह्या घरात मी डोळे मिटून पडदे ओढते."

"आणि डोळे मिटूनच थंडीनं मरशील एक दिवस."

ह्या जानेवारीत गिलियननं कळवलं, शनिवारी तीन वाजता येते, खोलीचा फॉर्म घेऊन. नुसता दाखवायला, म्हणाली. आणि त्याच शनिवारी सकाळी पारा उणे नऊला गेला.

आठ वाजता माझी नळी तोंडाशी गोठली. पाणी मागे फिरलं, पोटात गुडगुडायला लागलं, आणि मी काम थांबवलं. मला अक्षरओळख नाही, मी फक्त आकडे दाखवतो. दाखवला आकडा. त्याचा अर्थ माझ्या पुस्तकात सातव्या पानावर आहे, आणि पुस्तक पडद्यांच्या कड्यांच्या डब्याखाली आहे. ह्या देशात कुणी पुस्तक उघडत नाही. इथे शेजाऱ्याला बोलावतात.

शेजारी म्हणजे क्लिफर्ड बूथरॉइड. जन्मभर बस चालवली, त्यामुळे यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज.

"काय झालं, विनी?"

"गुडगुडतोय आणि पेटत नाहीये. तीनच्या आत पेटव बाबा, नाहीतर गिलियन मला उचलून नेईल."

"हात्तिच्या!" म्हणाला आणि माझं लाल बटण दाबलं. मी पेटलो, गुडगुडलो, विझलो. त्यानं पुन्हा दाबलं. असं अकरा वेळा. अहो, ज्याची लघवी तुंबलीय त्याला गदागदा हलवून काय होणार आहे?

मग म्हणाला, "रेडिएटरमधे हवा धरली असणार." किल्ली घेऊन सगळ्या घरात फिरला. हवा नव्हतीच. निघालं पाणी, काळंकुट्ट, म्हातारीच्या गालिच्यावर. माझा दाब उतरला. आता एकाच्या जागी दोन दुखणी झाली.

"क्लिफर्ड, मेल्या, गालिचा!"

"गालिच्याचं काय घेऊन बसलीस? काट्याकडे बघ. आता पाणी भरू आपण."

खालचा नळ उघडून दाब चढवला, जास्त चढवला, उतरवला, पुन्हा चढवला, तेव्हा कुठे काटा जागेवर आला. मधेमधे चहा होताच. ह्या लोकांना मेलेल्या माणसाची बातमी दिली तरी आधी किटली ठेवतात. शेवटी गॅसच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, मंगळवारी. मंगळवारपर्यंत म्हातारीचं बिऱ्हाड लीड्सला पोचलं असतं.

ती कोट, टोपी आणि हातमोजे घालून खुर्चीत बसली. एक वाजून गेला होता. क्लिफर्ड चौथ्यांदा वरच्या संडासात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. त्याला ते म्हाताऱ्या पुरुषांचं दुखणं आहे. तो खाली उतरला तेव्हा ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"काय गं?"

"क्लिफर्ड, तुझं काय होतं रे? जायचं असतं, पण होत नाही. हो ना?"

"विनी! बाईमाणसानं हे विचारायचं असतं का?"

"अरे, ह्याचंही तेच असेल तर? गुडगुडतोय, पेटायला बघतोय आणि अडतोय. ह्याचं पाणी जातं कुठे?"

मी गुडगुडलो. एवढंच जमत होतं. एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी माणसासारखं विचारलं होतं.

दोघं मागच्या दारानं परसात गेली. नळीच्या तोंडाला बर्फाची मुळी लटकलेली. क्लिफर्डनं टोपी काढली. "आयला," म्हणाला, "बिचारा."

उपाय तोच, किटलीभर पाणी, उकळतं नव्हे, सोसेल इतपत गरम, म्हणजे प्लॅस्टिक तडकत नाही. तिनं किटली ठेवली. पाणी उकळलं. तिनं किटली उचलली आणि ओतली ती थेट चहाच्या भांड्यात. क्लिफर्डनंही तोवर दोन कप मांडून त्यात दूध घातलेलं. दोघांनी भांड्याकडे बघितलं.

"हे काय केलं आपण?" ती म्हणाली.

"आता केलाच आहे तर पिऊन घेऊ. फुकट कशाला घालवायचा?"

दुसरी किटली. ही मात्र हातात घेऊन दारापर्यंत गेली. दारात टपालवाला डेस्मंड, नाक लालबुंद, पाकिटं हातात. किटली बघून चेहरा असा उजळला त्याचा! "आहाहा, मावशी, तुम्ही देवमाणूस आहात." आता त्याला नाही कसं म्हणणार? ह्या गल्लीत दारात आलेल्याला चहा नाही म्हणालेली बाई अजून जन्माला यायची आहे. दुसरी किटली डेस्मंडच्या पोटात गेली. आणि मी आत टम्म फुगलेला. मला हात असते तर तिघांच्या एकेक ठेवून दिली असती.

तिसरी किटली आवाज करायला लागली आणि पुढचं दार उघडलं. गिलियन. अर्धा तास आधी. कोटाच्या खिशातून फॉर्मचं पांढरं पाकीट डोकावत होतं.

"आई! घरात टोपी? बंदच आहे ना तो? मला माहीतच होतं. क्लिफर्डकाका, तुम्ही तरी फोन करायचा होतात. बस तू आई, बस. काकडलेय मी. आधी चहा दे, मग आपण शांतपणे बोलू."

किटली खटकन बंद झाली. म्हातारीनं ती उचलली. क्लिफर्डचा हात सवयीनं कपाकडे गेला.

"नाही," म्हातारी म्हणाली.

"काय नाही?"

"चहा नाही."

मी तुम्हाला सांगतो, इतकी शांतता त्या घरात अर्नेस्टच्या मयतीलाही नव्हती. गिलियनचं तोंड उघडं ते उघडंच. सख्ख्या आईनं, उणे नऊमधे, पाणी उकळलेलं असताना चहा नाकारला! क्लिफर्डनं कप हळूच उपडा घातला. म्हातारीनं किटलीत गार पाण्याची धार सोडली, बोट बुडवून बघितलं आणि परसात चालू पडली. बर्फावर तिचा पाय घसरला तेव्हा क्लिफर्डनं तिच्या कोटाचा पट्टा मागून धरला. ती ओतत होती, तो धरून होता, आणि लेक दारात "आई, पडशील! आई, पडशील!" करत होती.

मुळी सुटून खाली पडली. मागोमाग आतला बर्फ वितळला, आणि मग काय विचारता! घळाघळा. साडेसहा तासांचं तुंबलेलं. स्वर्ग म्हणतात तो हाच असेल तर मी जाऊन आलोय.

म्हातारीनं आत येऊन माझं बटण दाबलं. एकदाच. मी पेटलो.

गिलियन टेबलाशी बसली, कोट अंगात, पाकीट खिशात, डोळे माझ्यावर. मी विझायची वाट बघत होती. आता चहा झाला, भाजलेला पाव झाला, तरी कोट अंगातच. तासाभरात मला दोनदा ठसका येऊ घातला, पंख्याला जुना त्रास आहे. गिळला. एकदाही गुडगुडलो नाही. चारच्या सुमारास तिच्या कपाळावर घाम दिसला. तिनं बटणं काढली, कोट उतरवला आणि माझ्याच कपाटाच्या मुठीला अडकवला.

"आई," ती म्हणाली, "ती नळी घरातून घ्यायला लावू या. मी बघते कोणीतरी. बारीक माणूस बघते, वाकता येईल असा."

जाताना पाकीट कोटाबरोबर गेलं. फाडलं नाही तिनं, मी खोटं सांगणार नाही. नुसतं बाहेर काढलं नाही.

आता मार्च लागलाय. नळी घरात आली. पंखा कुरकुरतो, मी गळतोही थोडासा. मी अमर नाही आणि म्हातारीही नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढंच करा, त्याला हलवण्याआधी त्याला काय होतंय ते विचारा. माझं म्हणाल तर मी ठरवलंय. मरायचंच तर जुलैत मरीन. जुलैत गार पाण्याच्या आंघोळीनं यॉर्कशायरची बाई मरत नाही, नुसत्या शिव्या देते. त्या मी आनंदानं खाईन.