पूर्ण मात्रा

“माकडाचा माणूस होताना तुमच्यापैकी कोणी पाहिलंय? हात वर करा!”

करंजाड्यातल्या सोसायटीच्या सभागृहात एकही हात वर गेला नाही. व्यासपीठावर धर्मराजशेठ समाधानाने हसले. गोदामांचा कारभार मुलाकडे सोपवल्यापासून ते ‘उत्क्रांती : एक महाभ्रम’ हे व्याख्यान देत हिंडत होते. तिसऱ्या रांगेत गंगारामने मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरली. पिशवीत दोन बरण्या होत्या, तोंडाला मलमलीचे फडके बांधलेल्या. आत गहू, आणि गव्हात सोंडे, दाणा पोखरणारे किडे. शेजारी त्याची मुलगी सोनम सारे मोबाइलवर रेकॉर्ड करत होती.

अकरा वर्षांपूर्वी, जासईच्या वाटेवरच्या याच शेठच्या गोदामात गंगाराम धान्याला धुरी देण्याचे काम करी. पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री ओढायची, कडांवर वाळूच्या पिशव्या दाबायच्या, आत विषारी वायूच्या गोळ्या मोजून ठेवायच्या, आठवड्याने उघडायचे. एका सकाळी ताडपत्री निघाली आणि पोत्यांवरून सोंडे वरातीसारखे चालत निघाले. “अर्ध्या गोल्या टाकल्यास, अर्ध्या इकल्यास,” शेठ ओरडले होते. गेटवर, चाळीस हमालांसमोर, त्याला सदरा काढायला लावला. डबा उपडा केला. भाकरी मातीत पडली. सापडले काहीच नाही. पण नाव पडले ते पडलेच. गोळीचोर.

त्या रिकाम्या डब्यात गंगारामने सांडलेला मूठभर गहू भरून घेतला होता, सोंड्यांसकट. तेव्हापासून त्यांच्या शंभराहून अधिक पिढ्या त्याने स्वयंपाकघराच्या माळ्यावर पोसल्या. द्वेषालाही दाणा लागतो. तो त्याने न चुकता दर महिन्याला बदलला. आपण का पोसतो आहोत, हे त्यालाही नीट ठाऊक नव्हते. मग बी.एस्सी.ला असताना सोनमने एका संध्याकाळी पुस्तकातून मान वर करून म्हटले, “बाबा, गोळ्या बरोबरच होत्या तुमच्या. सोंडे बदलले होते. त्या वायूने मरेनासे झाले होते.” त्यानंतर दोनदा तो बरणी घेऊन शेठच्या नव्या गोदामापर्यंत गेला. फडके सोडायचे, एवढेच काम. दोन्हीदा परतला. शेठचा गहू किडून काय होणार होते? त्याला शेठची जीभ हवी होती, तिच्यावरून निघालेली कबुली.

“आणि हे म्हणतात, लायक तो टिकतो,” शेठचा आवाज चढला. “लायक कोण? तर जो टिकला तो! म्हणजे टिकतो तो टिकतो. हे काय शास्त्र झालं? कुत्रं आपल्याच शेपटीमागं फिरतंय नुसतं!”

हशा पिकला. हशा ओसरण्याआधीच गंगाराम उभा राहिला. पिकलेले केस, जाड भिंगाचा चष्मा. शेठच्या नजरेत ओळखीची खूणही उमटली नाही.

“शेठ, कोन टिकनार ते मी आधीच सांगतो की.” त्याने दोन्ही बरण्या उंच धरल्या. “ह्ये सोंडे आमच्या गावाकडच्या कनगीतले. ह्यांनी गोळी कधी बघितली न्हाई. आन् ह्ये एका गोदामातले. तिथं वर्सानुवर्सं गोळ्याच पडल्या. दोन्हीला सारखा वायू द्या. ह्ये मरतील, ह्ये टिकतील. आधी सांगतो, मंग द्या. आता टिकतो तो टिकतो, असं कसं म्हनता?”

“काका, इथे उघडू नका हां, कालच महिन्याचा किराणा भरलाय!” मागून एक बाई म्हणाली, आणि सभागृह पुन्हा हसले.

शेठ हसले नाहीत. “पण सोंडा सोंडाच राहिला ना? त्याचा उंदीर झाला का? त्यांच्यात काही कणखर आधीपासूनच होते. दुबळे मेले, कणखर उरले, त्यांचीच पिल्लं वाढली. यात कसली आलीय उत्क्रांती?”

सोनमने चमकून बापाकडे पाहिले. तिच्या पुस्तकात उत्क्रांती म्हणून नेमके हेच लिहिले होते. पण गंगारामला उत्क्रांतीचे काही पडले नव्हते. त्याचा आवाज अगदी मऊ झाला. दबा धरलेल्या मांजराचे पाऊल असते तसा.

“तिथल्या मालकानं तर गोळ्या ठेवनाऱ्यालाच चोर ठरवलं, शेठ. म्हनला, अर्ध्याच ठेवल्या.”

“अडानी असंल मालक!” शेठ आता रंगात आले होते आणि रंगात आले की गावची बोली त्यांच्या जिभेवर चढे. “अर्ध्या ठेवल्या असत्या तं दुबलेपन जगले असते. नुसते कनखर उरले, म्हंजे गोल्या पुऱ्या होत्या. त्या बिचाऱ्याचा काय दोस?”

“माइक जवळ घ्या. मागं ऐकू गेलं न्हाई,” गंगाराम म्हणाला.

“गोल्या पुऱ्या होत्या! त्याचा काय दोस नाय!”

“गोदाम तुमचं व्हतं, शेठ,” गंगाराम म्हणाला. “मी गंगाराम.”

माइकमधून शेठचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला. अकरा वर्षे ज्या क्षणाची गंगारामने चव घोळवली होती तो हाच. आणि तो अपेक्षेहून गोड होता. त्याला एवढेच वाटले, की सभागृह आणखी मोठे असायला हवे होते.

सभा मोडल्यावर शेठ कठड्याला धरत खाली आले. “सोर ना रं आता, गंगाराम. म्हातारा झालू मी.”

“मी तवा तरना व्हतो,” गंगाराम म्हणाला. त्याने गोदामातल्या सोंड्यांची बरणी शेठच्या हातात ठेवली. “तुमचीच हाय. दाना बदलत जावा.”

घरापर्यंतच्या दोन गल्ल्या तो जवळजवळ धावत गेला. त्याची बायको सुंदराबाई भिंतीला टेकून, सुपात लसूण घेऊन सोलत बसली होती. “आई, ऐक,” म्हणत सोनमने मोबाइल तिच्यापुढे धरला. शेठचा आवाज खोलीभर घुमला. गोल्या पुऱ्या होत्या. त्याचा काय दोस नाय. गंगारामने पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्या वेळी सुंदराबाईचे हात थांबले.

“म्हंजे,” ती हळूच म्हणाली, “तुमी घेतल्याच न्हवत्या?”

गंगारामला क्षणभर प्रश्नच कळला नाही. “सुंदरा?”

“मला वाटलं, घेतल्या असतील. सोनमला टायफाइड झाला व्हता तवा. आपल्या लेकरासाठीच घेतल्या आसतील म्हनलं, आन् कधी इचारलं न्हाई.” तिने त्याच्याकडे पाहिले, त्या पाहण्यात कसलाही आरोप नव्हता, कधीच नसावा. “मी तवाच माफ केलं व्हतं तुमाला.”

सोनमने मोबाइल बंद केला. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्टी देऊन थांबला. गंगाराम बायकोसमोर खाली बसला, सूप आपल्याकडे थोडे ओढून घेतले, आणि लसणाची एक पाकळी उचलून सोलू लागला.