ताईच्या गाडीतली शेजारची सीट

आईने तिची जुनी गाडी ताईला देऊन टाकली तेव्हा तिच्यात बसायला जागा होती, एवढंच. तिचं ऑफिस मी केलं. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहे, पण खरी आहे.

गाडी एवढीशी, की दोन मोठ्या गाड्यांमध्ये उभी असली की कुणीतरी आपलं पिल्लू विसरून गेल्यासारखं वाटतं. पण मागची सीट पाडली की तिच्यात माणूस झोपू शकतो. मी ताईला आत आडवी पाडून टेपने मोजलं, तिच्या टाचांपुढे चार बोटं उरली. मग रुंदीची दोन मापं घेतली, एक तिचं, एक माझं. मी कुशीवर झोपायचं, हेही ठरवून टाकलं.

ताई चित्रं काढते. एका प्रकाशनाने तिचं पहिलं पुस्तक घ्यायचं कबूल केलं होतं. तिचं म्हणजे आमचं. टोपी नावाची मुलगी आणि तिचं खवचट गाढव, हा रस्ता संपतो तरी कुठे ते बघायला निघतात. गोष्ट आणि संवाद माझे, चित्रं ताईची. ताईचं म्हणणं, न बघितलेला रस्ता मी काढणार नाही. म्हणून माझ्या सुट्टीचे दोन महिने गाडीतून फिरायचं, थांबू तिथे काढायचं आणि दर आठवड्याला पानं संपादकबाईंना पाठवायची.

नववीचा शेवटचा पेपर देऊन आले, दप्तर भिरकावलं आणि कामाला लागले. पिवळ्या दिव्यात रंग खोटे दिसतात, म्हणून पांढरा दिवा. खिडक्यांना पातळ पांढरे पडदे, कारण थेट ऊन कागदावर आलं की ताईचे डोळे दुखतात. पडदे मी शिवले, तीनदा उसवून. छताला दोरी बांधून चिमटे लावले, ओली पानं वाळवायला. ब्रश धुवायला झाकणाचा मग. बॅटरी मागच्या फळीखाली, चालत्या गाडीवर चार्ज होणारी. दोन कंपन्यांची दोन सिमकार्डं, एकीची रेंज रुसली तर दुसरीची मनधरणी करायला.

"अगं, फिरायला चाललाय की संसार थाटायला?" आई म्हणायची.

ताईची एक गंमत आहे. वाक्य ऐकल्याशिवाय तिला तोंड काढता येत नाही. लिहिलेलं वाचून जमत नाही. मी टोपी होऊन बोलायचं, मग गाढव होऊन टोमणा मारायचा, आणि ती मान खाली घालून, नुसतं ऐकून, ओठ काढते. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी द्यायचे ती शेजारच्या बाकावरही पोचायची नाही. बाई माझी गैरहजेरी लावायच्या आणि मी ते मान्य करून टाकायचे! टोपी झाले आणि माझं तोंड उघडलं. यंदा नाटकात बक्षीस घेतलं, वक्तृत्वात भांडून नाव दिलं. ताई मला भोंगा म्हणते.

मध्ये एकदा ती म्हणाली, "भोंग्या, सगळे संवाद रेकॉर्ड करून ठेव ना."

"कशाला? मी आहे की शेजारी."

"असू दे गं. तुझा घसा बसला तर?"

मला एकदम पटलं. माझा घसा आता कामाची वस्तू होती ना! गाडीच्या काचांवर आतून रजया लावल्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, आणि तीन दिवस घामाने निथळत एकोणचाळीस पानं बोलून काढली. चाळिसावं राहू दिलं. त्या पानावर रस्ता संपतो. ते मी रस्ता खरोखर संपेल तिथे उभी राहून बोलणार होते.

निघायच्या चार दिवस आधी सुतारकाका टेबलाची फळी घेऊन आले. ताई बॅटरीची वायर आणायला गेली होती. काकांनी पुढचं दार उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "ही सीट अजून इथेच?"

"मग कुठे जाणार?"

"काढायची आहे ना. त्याशिवाय फळी बसायची कशी?" त्यांनी खिशातून ताईचा कागद काढला. ताईच्याच हातची रेघ. ड्रायव्हरच्या शेजारची सीट नाही, तिथून मागपर्यंत सरळ फळी, तिच्यावर स्कॅनर.

"काका, मग मी कुठे बसणार? टपावर?"

काका हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "ते तू ताईला विचार, बाळ," म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावरच ठेवली.

मी विचारलं. ताई वायरची गुंडाळी हातात घेऊन उभी होती, मी गाडीत सीटवर बसले होते, पट्टा लावून. का लावला माहीत नाही.

"संपादकबाई म्हणाल्या, शब्द नकोत," ताई म्हणाली.

"कुठल्या पानावरचे?"

"सगळ्या. नुसत्या चित्रांचं पुस्तक करायचंय त्यांना. चित्रं आपोआप बोलतात म्हणाल्या."

"आपोआप!" मी इतक्या जोरात ओरडले की सुतारकाका चहा प्यायला निघून गेले. "कधी म्हणाल्या?"

"दहा दिवस झाले."

"मी पडदे शिवत होते तेव्हा?"

"म्हणून तर सांगवेना. मी भांडले गं. खरंच भांडले. एवढंच म्हणाल्या, पहिल्या पानावर तुझे आभार मानू."

"आभार! मी काय रंग पुरवले?"

ती वायरची गुंडाळी सोडून पुन्हा गुंडाळायला लागली. मी जरा वेळाने म्हटलं, "बरं. शब्द नकोत तर नकोत. मी तशीच येते. चिमटे सांभाळीन. एक शब्द बोलणार नाही."

"तू शेजारी असलीस ना, की माझा हात तुझ्या शब्दांना जागा सोडतो. सवयच आहे. मागच्या आठवड्यात दोन पानं त्याच्यामुळे परत आली."

"मग रेकॉर्डिंग कशाला घेतलंस?"

"त्याशिवाय मला तोंडं येत नाहीत. तुला माहितीये." मग अगदी हळू म्हणाली, "ते बंद करता येतं."

"आणि मला बंद करता येत नाही."

ताई रडायला लागली. माझ्याआधी! मला इतका राग आला की माझं रडणं अडकूनच बसलं.

वर गेले तर आई दारातच. तिचा चेहरा बघूनच कळलं की तिलाही माहीत होतं. "तिचं पहिलं पुस्तक आहे गं," आई म्हणाली. मी म्हटलं, "माझं कितवं होतं?" आईने मला जवळ ओढलं, मी लाकडासारखी उभी राहिले.

सीट दुसऱ्या दिवशी मीच काढली. काकांना नट फिरवायचं माहीत होतं, पण सीटखाली एक वायर असते, ती आधी सोडवली नाही तर तुटते, हे घरात फक्त मला माहीत होतं. रागातसुद्धा मला ती तुटायला नको होती. चार बोल्ट, चौदा नंबरचा पाना. शेवटचा गंजला होता, त्याला तेल सोडून वाट बघावी लागली. मी आणि ताई दोघींनी सीट उचलून बाहेर काढली. खाली एक हेअरपिन आणि एक सुकलेला ब्रश निघाला. दोघी एकमेकींकडे न बघता सीट जिन्याने वर घेऊन गेलो, वळणावर "तिरकी कर, तिरकी कर" एवढंच बोलत.

फळी अगदी चपखल बसली. स्कॅनर, लॅपटॉप, रंग, सगळं हाताशी. इतकं नेटकं ऑफिस झालं की मला ते आवडलं, आणि आवडल्याचा भयंकर त्रास झाला.

निघायच्या दिवशी सकाळी ताई माझ्या खोलीत आली. "चाळिसावं पान राहिलंय, भोंग्या."

"माहितीये."

"गाढव विचारतं, आता? मग टोपी काय म्हणते, ते हवंय. दोनच वाक्यं आहेत."

ती दोन वाक्यं लिहायला मला सहा महिने लागले होते. गाढव विचारतं, "आता?" आणि टोपी म्हणते, "आता उलटं चालू. परतीचा रस्ता आपण कुठे पाहिलाय?" मला ती पाठ होती. तोंडाशी होती. ताईने फोन पुढे धरला, लाल ठिपका लागला, आकडे पळायला लागले.

"नाही," मी म्हटलं. "एकोणचाळीस घे. हे माझ्याकडे राहू दे."

"मग मी तोंड कसं काढू?"

"मला काय माहीत."

तिने रेकॉर्डिंग थांबवलं. वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालेल. मी वाट बघत होते खरं तर. म्हणाली असती, चल, तूच चल, फळी फेकून देते, तर मी पाच मिनिटांत सीट पुन्हा बसवली असती. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, "पडदे फार सुंदर झालेत" म्हणाली आणि खाली गेली. गाडी वळेपर्यंत मी गॅलरीत उभी होते. हात हलवला नाही. ती दिसेनाशी झाल्यावर हलवला.

सात आठवड्यांनी शाळा सुरू झाली. वर्गात मी पहिल्याच दिवशी इतकी बोलले की बाईंनी जागा बदलली. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. पुस्तक पूर्ण झालं होतं. शेवटच्या पानाचा फोटो तिने आधी पाठवला होता, मी तो उघडून बसले होते.

रस्ता संपला होता. पुढे नुसतं मोठं आभाळ. टोपी आणि गाढव आपल्याकडे पाठ करून उभे. तोंडं दिसतच नव्हती.

"मला दुसरं काही सुचेना," ताई म्हणाली. "अकरा वेळा काढलं. शेवटी पाठमोरी काढली." मग म्हणाली, "संपादकबाईंना हेच पान सगळ्यात आवडलं. म्हणाल्या, शेवट न बोलता किती बोलतो."

मी फोटो मोठा केला. टोपीची मान किंचित गाढवाकडे झुकलेली. म्हणजे गाढवाने विचारून झालेलं आहे, आणि ती उत्तर देणार आहे. हे त्या बाईंना कसं कळणार होतं?

"आवडलं का?" ताईने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता, माझा पूर्वी व्हायचा तसा.

"गाढवाचा डावा कान मोठा झालाय," मी म्हटलं.

"हो ना? मलाही वाटलं. करू का लहान?"

"कर."

"आणि बाकी?"

"बाकी बरोबर आहे," मी म्हटलं. आई भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत होती, म्हणून मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं.