बहिरीचं कडं

रेवसच्या मिठागरात काळूरामसारखा गडी नव्हता. मिठानं भरलेली पाटी तो परडीसारखी डोक्यावर घ्यायचा, आणि तालमीतला दगडी नाल बघणाऱ्यांचे हात दुखेपर्यंत वर धरायचा. पण हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात ना, या बाबाला आरसाही पुरत नसे. मिठागराच्या साचल्या पाण्यात स्वतःचे दंड न्याहाळायचा आणि म्हणायचा, "नुसती काडी हाय."

त्याला जीव तोडून एकच गोष्ट हवी होती, गावदेव बहिरीचं चांदीचं कडं. चैत्रातल्या जत्रेत देवळापुढचा धोंडा जो उचलेल, त्यानं ते दंडात घालून पालखीपुढं चालायचं.

पहिल्या वर्षी त्यानं धोंडा खांद्यावरून टाकला. तालमीचे म्हातारे वस्ताद चांगदेव कडं घेऊन आले. काळूरामनं ते दंडात सरकवलं, तर मेलं घसरत कोपरावर आलं. त्याचं तोंड उतरलं. "पुढल्या वर्षी घालीन," म्हणून परत दिलं. गाव म्हणालं, काय ही भक्ती, देवाचं देवालाच ठेवलं!

घरी त्याची बायको राही म्हणाली, "सैल अंगठीला गुंडाळतात तसा आतनं दोरा गुंडाळून देऊ का?"

"दोरा गुंडाळून पैलवान होतात व्हय?" तो उखडला. तिला नवऱ्याला पालखीपुढं बघायचं होतं, पण तिनं काढलेला दोरा परत डब्यात ठेवला. पुढच्या जत्रेलाही त्यानं धोंडा उचलला, आणि पुन्हा घसरलं तसं कडं परत केलं.

मग पावसाळ्यात हिवतापानं असं धरलं की हाडांवर कातडं तेवढं उरलं. चैत्रात धोंडा गुडघ्याच्या वर येईना. उचलला तालमीतल्या सदानं. हा सदा तापाआधीच्या काळूरामच्या निम्मासुद्धा नव्हता. त्याच्या कड्यात आतून लाल दोऱ्याचे वेढे होते.

"वस्ताद, हा दोरा कशाला?" काळूरामनं विचारलं.

"समदेच गुंडाळतात. मी बी गुंडाळला व्हता. अरे, ते बहिरीच्या मूर्तीच्या मापाचं हाय, माणसाला कसं बसंल? तू तर देवापायी घालत न्हाईस, असं वाटलं आमाला."

पालखी पुढं गेली. ज्या दंडाला त्यानं जन्मभर काडी म्हटलं, तोच आता त्याला परत हवा होता. इतका हवा होता की भर जत्रेत त्याचे डोळे भरून आले.

घरी राही भाकऱ्या थापत होती. तो चुलीपाशी बसला.

"राही, माझा दंड चांगला व्हता का गं?"

"व्हता की," ती म्हणाली. "मी रोज बघायची. तुमीच कधी बघितला न्हाय."